चित्र नसलेला अंगरखा

सुगंधे,

मी आणि तुझी माय मुकुटबनला, तुझ्या सासरी, पोचलो तेव्हा तुला नेऊन झालं होतं. मोटार वणीत बंद पडली. ड्रायव्हर इंजिनात हात घालून उभा होता आणि तुझी माय माझं मनगट धरून पुन्हा पुन्हा विचारत होती, "लाले, मुदतीचा ताप उतरते ना व? उतरतेच ना?" मी हो म्हणत होते. तुझ्यासाठी मी आजवर इतक्या वेळा उगाच भ्याले, की हीसुद्धा तसलीच भीती असणार, असं मी स्वतःला समजावत होते.

तुझे मास्तर ओसरीत बसले होते. नवऱ्याला तू मास्तरच म्हणायचीस. त्यांनी उठून तुझ्या मायला घोंगडी टाकली आणि म्हणाले, "वाट पाह्यली मामी, लय वाट पाह्यली. मंग नाही थांबता आलं." तुझे बाबा आजाराचं कळल्यावर आधीच निघून आले होते. ते भिंतीला टेकून बसले होते आणि आमच्याकडे बघत नव्हते. तुझी माय रडली नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि रांजणात पाणी आहे का ते पाहून आली. का, ते मला माहीत नाही. तिलाही नसावं.

परत महागावला आल्यापासून मी शाळेत जाते, शिकवते, आणि मधेच थांबते. काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. चूल पेटती राहिली असेल, दाराची कडी लागली नसेल. घरी येऊन पाहते तर सगळं जागच्या जागी असतं. मग पुन्हा तेच वाटतं. म्हणून आज तुझ्याशी बोलायला बसले. आपलं भांडण तसंही अर्ध्यावर राहिलंय.

आपण एका बाकावर बसलो, कारण दुसऱ्या कुणाला आपल्याजवळ बसायचं नव्हतं. त्या वर्षी तुमच्या वस्तीनं दीक्षा घेतली होती. तुझे मायबाप नागपूरहून पांढऱ्या कपड्यांत परत आले होते आणि गावात सगळीकडे तीच कुजबुज होती. मी तांड्यावरून येणारी. माझ्या बापूनं मला मिडलच्या शाळेत घातलं तेव्हा तांड्यातले लोक हसले होते. वर्गात मी तोंड उघडत नव्हते. घरची गोरमाटी बोली मधेच जिभेवर येईल आणि मुली हसतील, या धास्तीनं उत्तर येत असूनही गप्प बसायची.

तुला कसलीच धास्ती नव्हती. इतिहासाच्या पुस्तकात मी सनावळ्या पाठ करायची, तू कपडे बघायचीस. एकदा तू भर वर्गात उभी राहून विचारलंस, "मास्तर, या अंगरख्याचे बंद एकाच बाजूले काहून?" मास्तर म्हणाले, "ते परीक्षेत येत नाही. बस खाली." तू बसलीस, पण त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत पाटीवर तो अंगरखाच काढत होतीस, कुठून कापायचा आणि कुठं जोडायचा ते.

तुझा मामा ढाणकीच्या बाजारात मशीन घेऊन शिवायला बसायचा. त्याच्याकडचे उरलेले तुकडे तू पोत्यात भरून आणायचीस. खाकी, पट्ट्यापट्ट्याचं, मांजरपाट, कधी एखादा सॅटिनचा कोपरा. मशीनला हात लावायची तुला परवानगी नव्हती, म्हणून सगळं हातानं. तुकड्याला तुकडा जोडून तू पहिली बाराबंदी शिवलीस. नाल्याच्या काठी पळसाच्या आड तू ती घातलीस, आणि मला वाटेवर उभं केलंस, कोणी आलं तर शीळ घालायला. मला शीळ येत नव्हती हे सांगायचं धाडसही मला झालं नाही. मी नुसती उभी राहिले, आणि मागून तुझा आवाज आला, "लाले, पाह्य ना इकडं!" मी वळले. दर तुकडा वेगळ्या रंगाचा अशी बाराबंदी, बाह्या एक लांब एक आखूड. आणि त्यात तू अशी उभी होतीस, की मी हसायचं विसरले.

"कशी दिसतो?"

"कोणी आलं तर काय सांगशील?"

"सांगीन, मी त्या काळातून आलो, जेवायले थांबलो."

तुझं हे असं. आणि माझं ते तसं.

स्नेहसंमेलनाचं आठवतंय का तुला? काय विचारते मी! नाटुकल्यात एका गढीच्या राणीचा प्रवेश होता. राणीचं काम पाटलाच्या कुसुमला मिळालं, आणि कपडे शिवायचं मास्तरांनी तुला सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. मला ते खटकलं होतं. मी म्हटलं, "त्या राणीच्या काळात तुले वाड्याच्या दारात तरी उभं केलं असतं का?"

"नसतं केलं," तू सुतळीला गाठ मारत म्हणालीस. "म्हणून तर आता शिवतो. आता कोण अडवते?"

कुसुमचं माप तू त्या सुतळीनं घेतलंस. तीही बिचारी खुशीत हात पसरून उभी होती. हिरव्या सॅटिनची चोळी, जुन्या लुगड्याच्या जरीकाठाचा शेला, रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून, त्यावर बेगड चिकटवून केलेला कंबरपट्टा. पत्र्यानं तुझी बोटं सोलून निघाली होती. लेखणी धरता येईना म्हणून मी तुझा अभ्यास लिहून दिला.

संमेलनाच्या दिवशी सकाळी पाटलाचा गडी बोचकं घेऊन शाळेत आला. त्यानं ते तुझ्या हातात दिलं नाही, व्हरांड्यात जमिनीवर ठेवलं. "वाड्यावरून निरोप हाये. आमच्या पोरीच्या अंगाले वस्तीतलं शिवलेलं नाही चालत." कुसुम त्याच्यामागं मान खाली घालून उभी होती. हेडमास्तर म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, दुसरं काहीतरी पाहू." मास्तर पडदा बांधायला निघून गेले. सगळ्यांना अचानक काहीतरी काम निघालं.

तू रडशील असं मला वाटलं. तुला घरी घेऊन जावं म्हणून मी दोघींची दप्तरं उचलली. तू बोचकं उचलून मोकळ्या वर्गात गेलीस, आणि बाहेर आलीस ती राणी होऊन.

"सुगंधे, काढ ते. चाल घरी."

"घरीच तं चाललो."

"नाल्याकडून जाऊ. बाजाराचा दिवस हाये आज."

"म्हणूनच तं."

त्या दिवशी बाजारातून चाललेलं प्रत्येक पाऊल मला आठवतं. तू मधोमध, मी दोन दप्तरं छातीशी धरून तुझ्या अर्धं पाऊल मागं. आधी लोक हसले. कोणी म्हणालं, नाटकवाली असंन. बांगड्या भरणारी बाई म्हणाली, "दिसते बाकी चांगली हो!" मग कोणीतरी तुला ओळखलं. "अरे, हे तं वस्तीतल्या किसनाची पोट्टी!" आणि हसणं थांबलं. त्या हसण्यानं मला इतकी भीती वाटली नव्हती, जेवढी ते थांबल्यावर वाटली. मिरच्यांच्या ढिगाशी बसलेला माणूस तोलता तोलता थांबला होता. तू मात्र शेला सावरत, कुठं घाई न करता चालत राहिलीस.

संध्याकाळी तुझ्या घरी बाहेरचे येऊन गेले आणि वस्तीतलेही. बाहेरच्यांनी बाबांना सांगितलं, पोट्टीले सांभाळ. वस्तीतल्यांनी वेगळं सांगितलं. "आपण जुनं सारं टाकून आलो किसना, देवसुद्धा टाकले. आन् तुही पोरगी राजा-राण्याईचे कपडे घालून राह्यली!" बाबा पाटलाच्या शेतात कामाला होते. त्यांनी दोन्हीकडच्यांपुढे हात जोडले. दुसऱ्या दिवशी तुझ्या मायनं ती चोळी उसवली. फाडली नाही, तुझ्याच सुईनं टाका टाका काढून उसवली, आणि तुकडे धुऊन वाळत घातले. तू मला ते सांगितलंस तेव्हा रागावलेली नव्हतीस. "मायले माहीत हाये, कापड कामाले येते," एवढंच म्हणालीस.

मला वाटलं, संपलं. सुटलो. मी खरंच सुटकेचा श्वास टाकला होता.

पण तू वस्तीतल्या सदुआजाकडे जाऊन बसायला लागलीस. वस्तीतला सगळ्यात म्हातारा तोच. लहानपणी त्यानं ऐकलेलं, की तुमचे पूर्वज एका किल्ल्यावर पहाऱ्याला होते. तू त्याला विचारायचीस, "आजा, थे काय घालत?" एकदा तो म्हणाला लाल अंगरखा. पुढच्या खेपेला काळा. त्याच्या पुढच्या खेपेला चिडून म्हणाला, "कपडे कुठले व पोरी, घोंगडं होतं खांद्यावर न् हातात काठी!" तू पुस्तक उलटंपालटं करून पाहिलंस. राजे होते, सेनापती होते, घोडेसुद्धा होते. किल्ल्याच्या दारात रात्रंदिवस उभ्या असलेल्या माणसाचं चित्र नव्हतं.

मग त्याचा पोशाख तू मनानं शिवलास. पळसाच्या फुलांच्या पाण्यात रंगवलेला मांजरपाटाचा अंगरखा. त्यावर पोत्याचं जाकीट, जाकिटावर पत्र्याचे खवले एकावर एक टाचलेले. डोक्याला मुंडासं. खांद्यावर बाबांची घोंगडी.

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं. मी पाठांतर करणारी मुलगी. मला राहवेना.

"असंच होतं हे कोणं सांगतलं तुले?"

"कोणं नाही."

"मंग हा इतिहास नाही सुगंधे. हे तुह्या मनातलं हाये."

"आन् ज्याचं चित्र कोणं काढलंच नाही, त्यानं का मंग उघडं फिराचं?"

मी दुसरंच विचारलं, खवले टोचतात का वगैरे. तू हसलीस. आणि लगेच माझ्यावर आलीस. म्हणालीस, वैशाखी पौर्णिमेची मिरवणूक निघणार आहे, पहिल्यांदाच मोठ्या रस्त्यानं निघणार आहे, मी हे घालून पुढं चालीन, आणि तू माझ्यासंगं चालशील, तुझ्या याडीचे कपडे घालून.

याडी म्हणजे माझी आई. ती शाळेकडे यायची तेव्हा मी मान खाली घालायची. तिचा आरशांचा घागरा, फेटिया; कवड्यांची चोळी, कांचळी; हातभर बांगड्या, बलिया. चालली की छमछम दुरून ऐकू यायची. मी साध्या परकर-पोलक्यात होते, त्यात मला कोणी बघत नव्हतं, आणि मला तेच बरं वाटायचं.

"मी कायले? मिरवणूक तुमची हाये."

"तुहे लोक बैलांवर मीठ-धान्य घेऊन गडावर जात होते ना? मंग दारात कोण उभं होतं? आमचे. ओळख जुनी हाये आपली." आणि मग जरा थांबून, "तुही याडी रोज जे घालून पाणी भरते ना लाले, तसं शिवाले मले जलम जाईन."

मी घरी विचारलं ते याडी नाही म्हणेल या आशेवर. याडीनं पेटी उघडली, तळातून एक फेटिया काढला आणि म्हणाली, "ई मार याडीर छ." माझ्या आईचा आहे हा. तिनं तो माझ्या कमरेला लावून पाहिला, आणि तिचे डोळे असे झाले की मला नाही म्हणता येईना.

वस्तीच्या बैठकीत तुझ्यावरून वाद झाला. एक जण म्हणाले, "आपण शांतीचा धम्म घेतला, आन् हे तलवार घेऊन चालन?" तू उभी राहून सांगितलंस, तलवार नाही, काठी आहे, आणि नको असेल तर काठीही ठेवते. शेवटी काठी ठेवायच्या बोलीवर त्यांनी हो म्हटलं. बाबा त्या बैठकीत होते. मिरवणुकीला मी येणार नाही, एवढं घरी येऊन म्हणाले.

मिरवणूक निघाली तेव्हा ऊन चढलं होतं. सगळ्यात पुढं वस्तीचे म्हातारे मूर्ती घेऊन, त्यांच्यामागं आपण दोघी, मागं पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि बाया. माझ्या अंगावर याडीचे दागिने. मी पाय उचलला की वाजायचे, टेकवला की वाजायचे. लपायला जागाच नव्हती. दोन्हीकडच्या ओट्यांवर लोक बसलेले. मी तुला हळूच म्हटलं, "मले चक्कर येऊन राह्यली." तू म्हणालीस, "माह्या घोंगडीचं टोक धर." मी धरलं.

चावडीच्या वळणावर माणसं रस्ता अडवून उभी होती. तरणी पोरं, काहींच्या हातात काठ्या. पाटील ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. पुढचे म्हातारे थांबले. मागची गाणी एकेक करत बंद पडली. माझ्या मनात फक्त पुढचं घडत होतं. पहिला दगड कुठून येईल, तुला कुठं लागेल, मी तुला कशी उचलीन, मला उचलता येईल का.

तेवढ्यात तुझ्या जाकिटाचा खांद्याचा बंद तुटला. पत्र्याचे खवले खळकन एका बाजूला लोंबले.

"लाले, सुई दे."

सुई माझ्या कांचळीला टोचून ठेवलेली होती, तूच ठेवायला लावली होतीस. मी दोरा ओवायला गेले, ओवता येईना. तू माझ्या हातातून सुई घेतलीस, दोरा ओलसर करून एकदाच ओवलास, आणि मूर्तीच्या बाजूनं पुढं होऊन भर रस्त्यात, त्या पोरांच्या समोर मांडी घालून बसलीस. आणि शिवायला लागलीस.

घाई नाही. टाका घातला की दोरा ओढून बघायचीस, मग पुढचा. मिरवणूक मागं उभी, ती पोरं पुढं उभी, सगळं गाव बघतंय, आणि मधे तू शिवते आहेस. काय करावं कोणाला कळेना. शिवत बसलेल्या मुलीवर काठी कशी उगारायची, हे त्या पोरांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ती एकमेकांकडे बघायला लागली.

चावडीशेजारच्या ओट्यावर एक म्हातारी बसलेली होती, डोळ्यांनी अधू. तिला तू कोण ते दिसलं नसावं. ती ओरडली, "अवं पोरी, उन्हात कायले बसली? सावलीत ये, वट्ट्यावर बस!"

कोणीच हललं नाही. मी डोळे मिटले.

"झालंच आजी," तू म्हणालीस. दोरा दातांनी तोडलास, खांदा हलवून बंद पाहिलास आणि उठलीस. पाटील खुर्चीवरून उठून आत निघून गेला. त्या पोरांनी वाट दिली असं मी म्हणणार नाही. ती नुसती उभी राहायची थांबली. एक इकडं सरकला, एक तिकडं, आणि मधे रस्ता दिसायला लागला. मागून एका बाईनं गाणं पुन्हा सुरू केलं, घोगऱ्या आवाजात, चुकीच्या सुरात. आपण चाललो.

सुगंधे, तो बंद खरंच तुटला होता का?

आदल्या दिवशी मी स्वतः ओढून पाहिला होता, पक्का होता. मी तुला किती वेळा विचारलं. दर वेळी तू म्हणायचीस, "तुले काय वाटते?" आणि गालात हसायचीस. तुझ्या लग्नात हळद लागताना विचारलं, तेव्हाही तेच.

त्या दिवसाची किंमत तुझ्या घरानं मोजली. पेरणीला पाटलानं बाबांना बोलावलं नाही. ते दूरच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. पावसाळा संपेपर्यंत ते तुझ्याशी बोलले नाहीत. तू त्यांचं ताट वाढायचीस, ते जेवून उठायचे. तुझ्या धीटपणाचं कौतुक करणारे खूप होते, पण त्या घरात रोज संध्याकाळी काय होत होतं ते मी पाहत होते, आणि तुझा चेहराही. एकदा तू म्हणालीस, "बाबानं मारलं असतं तं बरं होतं व."

मग मुकुटबनचं स्थळ आलं. मास्तर चांगले निघाले. तुझ्या अंगरख्यांना ते हसले नाहीत, उलट शाळेतल्या मुलांसाठी शिवायला लावायचे. तू इतकी दूर गेलीस, की मला तुझी काळजी करायलाही नीट जमेना. काय घालून कुठं निघाली असशील, काही दिसायचं नाही. मी ट्रेनिंग करून इथंच मास्तरीण झाले.

मागच्या उन्हाळ्यात तू माहेरी आलीस तेव्हा आपण पुन्हा तिथंच आलो. मी आता इतिहास शिकवते, त्यामुळे मला जोर चढला होता. मी म्हटलं, पुरावा नसेल तर मी मुलींना सांगू शकत नाही.

तू विचारलंस, "तू वर्गात शिपायाचं सांगते, तवा त्याच्या पायात काय होतं थे सांगते का?"

"पुस्तकात नाही."

"मंग तसंच सांग ना. पुस्तकात नाही, असं सांग. नव्हतं, असं नको सांगू."

माझ्याकडे काहीतरी उत्तर होतं. जुळवत होते. तेवढ्यात तुझी गाडी लागली आणि तू खिडकीतून ओरडलीस, "राहू दे, पुढच्या खेपी बोलू! बंदाचंही सांगतो तवाच!"

ते उत्तर मी नंतर बरेच दिवस घोळवलं. ते काही खरं नव्हतं. तुझंच बरोबर होतं, आणि हे तुला समोर सांगायला मी पुढच्या खेपेची वाट पाहत होते.

आता तुला ठाऊक नसलेलं एक सांगते. मुकुटबनला बाबा माझ्याशी बोलले. मी विहिरीवर हात धुवत होते, ते मागं येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "लाली, तवा मिरवणुकीत मी मांग होतो. तुले दिसलो का?"

मी नाही म्हटलं.

"सगळ्याईच्या मांग होतो. डोक्यावरून धोतराचं सोगं घेऊन. हातात कुऱ्हाडीचा दांडा होता." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "तिले कधी सांगतलं नाही. काय सांगाव? मले भेव वाटत होतं, आन् राग होता. अठी आलो तं तिचं अंग तव्यासारखं तापलेलं. तवा कानापाशी जाऊन सांगतलं. ऐकलं का नाही, कोण जाणे."

मी त्यांना म्हटलं, ऐकलं असेल. का म्हटलं? मला काय माहीत? पण तुझ्या मायला मोटारीत मी तापाबद्दल हो म्हणत होते, तसंच ते तोंडातून निघून गेलं. सुगंधे, तू ऐकलंस ना? एवढं एक तरी मला खोटं बोलायला लावू नकोस.

परतीच्या मोटारीत तुझी माय माझ्याशेजारी होती. बाबा दोन दिवस मागं थांबले. पांढरकवड्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "तुले भेव वाटते का लाले?"

"कशाचं?"

"असंच. घरी जायाचं."

"वाटते मावशी."

"मलेबी," ती म्हणाली, आणि माझ्या दंडाला बिलगून बसली. तुझी माय, जिला मी कधी कोणाला टेकलेली पाहिली नव्हती. वस्तीच्या तोंडाशी उतरताना म्हणाली, "येत जाय व. काम काढून नको येऊ. नुसती येत जाय." मी येते म्हटलं.

उद्या शाळेला सुट्टी आहे. मी जाणार आहे. सकाळपासून त्याचाच घोर लागलाय. तिच्यापुढं काय बोलायचं ते सुचेल कदाचित. पण अंगणात उभी राहून हाक काय मारायची? इतक्या वर्षांत त्या दारात मी तुझ्याखेरीज कोणालाच हाक मारलेली नाही.